सीझन पाससाठी चेहरा द्यायचा का?

पॅव्हेलियन_एण्ड (धागाकर्ता)

मंडळी, एका गोष्टीवर मतं हवी आहेत आणि थोडी घाई आहे.

मी आणि बाबा गेली अकरा वर्षं एकाच फुटबॉल क्लबाचे सीझन पासधारक आहोत. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. यंदा नूतनीकरणाच्या ईमेलमध्ये नवीन पर्याय आलाय. ॲपमधून सेल्फी पाठवायचा, मग पुढच्या हंगामापासून तिकीट दाखवायचं कामच नाही. कॅमेऱ्याकडे बघत चालत आत जायचं. चेहरा न देणाऱ्यांसाठी वेगळी रांग राहील असं लिहिलंय. किती दिवस राहील ते लिहिलेलं नाही.

गेल्या हंगामापासून पासचं प्लॅस्टिक कार्ड बंद झालं आणि बारकोड फोनवर आला. तोही दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे स्क्रीनशॉट काढून ठेवला तर चालत नाही. बाबा पंच्याहत्तरीचे. एका संध्याकाळी गारठ्याने त्यांची बोटं कोरडी पडली होती, फोन अंगठा ओळखेना. मागे रांग खोळंबलेली, लोक माना उंचावून बघतायत. शेवटी गेटवरच्या मुलीने पुढे होऊन त्यांना अंगठ्यावर दोनदा फुंकर मारायला सांगितली आणि फोन उघडला. आत जाऊन बसल्यावर बाबा पहिला गोल होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एरवी हा माणूस प्रत्येक सामन्याची नोंद पेन्सिलने वहीत करतो. त्या दिवशी वही पिशवीतच राहिली.

चेहरा दिला तर त्यांची ही अडचण मिटेल, हे मला कळतंय. पण हात आखडतोय. आजही क्लब त्यांना लहान मुलांच्या जर्सीच्या जाहिराती पाठवत असतो. आमच्या घरात लहान मूल नाही. हे कुठून आलं ते आम्हाला माहीत नाही, आणि विचारायचं कुणाला तेही.

द्यायचा का? ज्यांनी दिलाय त्यांनी जरूर लिहा.

चौथी_स्लिप

देऊन टाका. मी दिलाय, दीड हंगाम झाला. पूर्वी गेटवर वीस मिनिटं जायची, आता चालण्याचा वेगही कमी करावा लागत नाही. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल मैदानावर 2023 पासून ही सोय आहे. 2024 मध्ये उघडलेल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाच्या इंट्युइट डोममध्ये तर आतल्या दुकानांतही रांग नाही. वस्तू उचलायची आणि निघायचं, पैसे आपोआप वळते होतात.

दिवसातून शंभर वेळा आपण चेहऱ्यानेच फोन उघडतो. तिथे हात आखडत नाही, मग इथेच का? आणि तुमच्या बाबांचा प्रश्न खरा आहे. वयस्कर माणसाला गेटवर ओशाळं वाटू नये, यापेक्षा मोठा मुद्दा मला तरी दिसत नाही.

समीकरण

चौथी_स्लिप, फोनची तुलना इथे लागू होत नाही. फोनमधला चेहरा फोनमधल्याच एका सुरक्षित चिपमध्ये राहतो, बाहेर जात नाही. स्टेडियममध्ये तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. फोटो जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्यापासून आकड्यांची एक लांबलचक ओळ बनवतात आणि ती ठेवतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. ही ओळ फुटली तर काय बदलणार?

चेहरा ओळखण्याचे दोन प्रकार असतात आणि चर्चेत ते नेहमी एकत्र होतात. पहिला एकास एक: तुम्ही तिकीट दाखवता आणि यंत्र फक्त एवढंच तपासतं की समोरचा माणूस या तिकिटाचाच आहे का. दुसरा एकास अनेक: येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा यादीतल्या सगळ्या चेहऱ्यांशी ताडून बघायचा. दुसऱ्यात चुकीला फार वाव असतो. गर्दी मोठी आणि शोधायची माणसं मोजकी असली की थोडीशी चूकसुद्धा ढिगाने निरपराध माणसं समोर आणून उभी करते.

2017 ची चॅम्पियन्स लीग फायनल कार्डिफला झाली. साउथ वेल्स पोलिसांनी तिथे शहरभर कॅमेरे लावले होते. यंत्राने 2,470 वेळा 'सापडला' असा इशारा दिला. त्यातले 2,297 चुकीचे निघाले. शंभरातले त्र्याण्णव. यंत्रं तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, पण हिशेबाची रीत तीच आहे.

झुळूक

वाचतेय. आम्हालाही हीच ईमेल आलीय.

रानवाट

मला चुकीपेक्षा बरोबर ओळखण्याची जास्त भीती वाटते.

न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन माहीत असेल. त्या कंपनीवर ज्या वकिली फर्मनी दावे लावले होते, त्या फर्ममधल्या सगळ्या वकिलांना तिने आपल्या जागांमध्ये प्रवेशबंदी केली. 2022 मध्ये एक आई मुलीच्या गर्ल स्काउट गटाबरोबर याच कंपनीच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नाताळचा कार्यक्रम बघायला आली. कॅमेऱ्याने तिला दारातच ओळखलं आणि तिला बाहेर काढलं. त्या दाव्याशी तिचा स्वतःचा काडीचा संबंध नव्हता, ती फक्त त्या फर्ममध्ये नोकरीला होती. मुली आत गेल्या, आई बाहेर राहिली.

यंत्राने काम चोख केलं. यादी कुणी आणि कशासाठी बनवली, हा खरा प्रश्न आहे. कॅमेरे बसवताना सुरक्षेचं कारण सांगितलेलं असतं. एकदा बसले की यादीत आणखी कोण घालायचं ते मालक ठरवतो.

चौथी_स्लिप

रानवाट, ती घटना वाईटच होती, मान्य. पण दुसरी बाजूही बघा. डेन्मार्कच्या ब्रॉन्बी क्लबाने 2019 मध्ये हीच यंत्रणा लावली, तीही तिथल्या डेटा संरक्षण खात्याची परवानगी घेऊन. यादीत फक्त हाणामारीसाठी बंदी घातलेले लोक. माझ्या बहिणीने दहा वर्षांपूर्वी स्टेडियमला जाणं सोडलं, कारण मागच्या रांगेतून बाटल्या यायच्या. बाटली फेकणारा पुढच्या सामन्याला परत तिथेच. अशा माणसाला दारात अडवलं तर माझी बहीण परत येईल. तिच्या हक्काचं काय?

उत्तर_स्टँड

दोघांचंही वाचलं. मला थोडं मागे जाऊन लिहायचंय, कारण या विषयात माझा जीव गुंतलाय.

15 एप्रिल 1989, इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो फुटबॉल मैदान. चेंगराचेंगरीत 97 माणसं गेली. त्यांतला शेवटचा बत्तीस वर्षं दुखापती सोसून 2021 मध्ये गेला. लेपिंग्ज लेनच्या बाजूला, उभ्याने सामना बघायच्या टेरेसवर, लोखंडी जाळ्यांनी पाडलेले कप्पे होते. बाहेरची कोंडी फोडायला एक मोठं गेट उघडलं गेलं आणि लोंढा समोरच्या बोगद्यातून मधल्या दोन कप्प्यांत घुसला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. गेटवर माणसं मोजणारी यंत्रणा होती, पण ती अख्ख्या टेरेसची बेरीज सांगायची. कोणत्या कप्प्यात किती माणसं आहेत हे सांगायची सोय नव्हती. बेरीज मर्यादेत दिसत होती आणि मधल्या कप्प्यांत माणसं उभ्या उभ्या गुदमरत होती.

म्हणून गर्दी मोजणाऱ्या यंत्रांना मी कधीही विरोध करणार नाही. छतावरून डोकी मोजा, बोगद्यात सेन्सर लावा, दर चौरस मीटरला किती माणसं ते सतत दाखवा. कितीही खर्च होऊ दे. पण त्यासाठी कुणाचं नाव लागत नाही. हिल्सबरोला कमी होती ती कप्पावार मोजणीची. माणसांची ओळख कुणालाच लागत नव्हती. मोजणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्लब ती एकाच ईमेलमध्ये बांधून पाठवतायत.

दुसरं. दुर्घटनेनंतर दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. पोलिसांच्या 164 जबान्यांमध्ये फेरफार झाले होते आणि त्यांतल्या 116 मधून पोलिसांच्या विरोधात जाणारा मजकूर काढला होता. हे अधिकृतपणे बाहेर यायला 2012 उजाडलं. नोंद ज्याच्या ताब्यात, त्याची गोष्ट खरी ठरते.

आणि हे जुन्या काळातलं म्हणून सोडून देऊ नका. 28 मे 2022 ची चॅम्पियन्स लीग फायनल पॅरिसला झाली. लिव्हरपूलचे प्रेक्षक बाहेर चेंगरत होते, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला. सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. फ्रान्सचे गृहमंत्री म्हणाले, तीस-चाळीस हजार लोक खोटी तिकिटं घेऊन किंवा विनातिकीट आले होते. गेटवरच्या स्कॅनरनी पकडलेली खोटी तिकिटं होती 2,589. स्टेडियमच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं, कारण ते जपून ठेवा असं मुदतीत कुणी सांगितलंच नाही. पुढे स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी युएफाची, म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन फुटबॉल संघटनेची ठरवली. ज्या एका दिवशी प्रेक्षकांना कॅमेऱ्याची गरज होती, त्या दिवसाचं चित्रण राहिलं नाही.

झुळूक

उत्तर_स्टँड, अंगावर काटा आला. बोगद्याबद्दल वाचलं होतं, मोजणीबद्दल माहीत नव्हतं.

नेटवर्कवाला

मी स्टेडियमची वायफाय जाळी उभारायचं काम करतो, त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगतो.

वायफाय चालू असलेला फोन खिशात असला तरी अधूनमधून 'कुणी आहे का ओळखीचं' अशी हाक मारत असतो. पूर्वी त्या हाकेत फोनचा कायमचा क्रमांक असायचा, त्यामुळे कोणता फोन कुठून कुठे गेला ते कळायचं. ॲपलने 2014 मध्ये हा क्रमांक बदलता ठेवायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनीही. म्हणजे नुसती हाक मारणारा फोन आता आम्हाला एक ठिपका दिसतो. पण स्टेडियमच्या वायफायला ईमेल टाकून लॉगिन केलंत, किंवा क्लबच्या ॲपला लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी दिलीत, की त्या ठिपक्याला नाव मिळतं. पहिला गोल झाला तेव्हा तो कुठे होता, मध्यंतरात कोणत्या दुकानासमोर किती वेळ उभा होता, सगळं नावासकट.

नियंत्रण कक्षात पडद्यावर मैदानाचा नकाशा असतो. मध्यंतराला सहा-सात मिनिटं उरली की जिन्यांचे भाग हिरव्याचे पिवळे होऊ लागतात. एकदा पूर्वेकडचा एक जिना पिवळ्यावरून थेट लाल झाला. खाली कठडा निखळला होता आणि लोक थबकले होते. पडद्यासमोरच्या बाईंनी वॉकीटॉकीवर फक्त जिन्याचा नंबर आणि 'वरून थांबवा' एवढंच सांगितलं. चाळीस सेकंदांत वरची दारं अडवली गेली. कुणाला खरचटलंही नाही. त्या पडद्यावर एकाही माणसाचं नाव नव्हतं.

उत्तर_स्टँड जे म्हणतायत ते तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे. नावं लागतात ती विपणन विभागाला.

सीमारेषा

थोडं अवांतर, पण डेटा म्हटल्यावर खेळाडूंनाही विसरू नका. 2022 च्या कतार विश्वचषकात छताखाली 12 कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जायचे. चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवायचा. ऑफसाइडचे वाद कमी झाले, मला ते आवडलं.

पण यंत्र चुकलं तर मैदानावर कुणालाच काही करता येत नाही, हेही बघितलंय. जून 2020, ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड. गोलरक्षक चेंडू घेऊन रेषेच्या आत गेला, घरी टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. गोल झाला की इशारा देणारं पंचांचं घड्याळ मात्र वाजलं नाही. गोलरेषेवर नजर ठेवणाऱ्या सातही कॅमेऱ्यांच्या आड माणसं आली होती. गोल दिलाच नाही. 2025 च्या विम्बल्डनला रेषापंच काढून टाकले, आणि सेंटर कोर्टवर एका सामन्यात कोर्टच्या एका बाजूची यंत्रणा चुकून बंद राहिली. चेंडू बाहेर पडला, सगळे गप्प.

आडवी_बॅट

सीमारेषा, आमच्या मामांचं या सगळ्यावर एकच दुःख आहे. पूर्वी चिडले की पंचाकडे बघून ओरडायचे. आता छताखालच्या बारा कॅमेऱ्यांवर ओरडायचं म्हटलं तर मान दुखते म्हणतात :)

सरी

सगळेच काळजीच्या सुरात लिहितायत म्हणून माझा अनुभव.

माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. खेळाचं तिला वेड. 2024 मध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर कर्णबधिर प्रेक्षकांना खास शर्ट दिले होते. मैदानातल्या माइकनी टिपलेला गर्दीचा आवाज त्या शर्टमध्ये कंपनांच्या रूपाने उमटायचा. त्या बातमीचा व्हिडिओ तिने मला सलग चार वेळा दाखवला. नंतर एका ठिकाणी तशाच प्रकारची जॅकेट प्रयोगासाठी ठेवली होती, तिथे मी तिला घेऊन गेले. गोल व्हायच्या आधी, आपले लोक चढाई करत असतात तेव्हा गर्दीचा आवाज जो हळूहळू फुगत जातो ना, तो तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. तिने माझा हात घट्ट धरला आणि दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तिला वाटत होतं, गर्दी गोल झाल्यावरच ओरडते. आधीची ती चढती लाट तिला कुणी सांगितलीच नव्हती, कारण आम्हाला ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

अंध प्रेक्षकांसाठीही हाताखाली धरायच्या पाट्या आल्यात, चेंडू कुठे आहे ते बोटांना कळतं. यासाठी कुणी तिचा चेहरा मागितला नाही.

पॅव्हेलियन_एण्ड (धागाकर्ता)

सरीताई, हे वाचून बाबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

डावीकडून_तिसरा

मला 'ऐच्छिक' या शब्दाचा भरवसा वाटत नाही, म्हणून काही जुने दाखले.

ब्राझीलच्या 2023 च्या क्रीडा कायद्याने वीस हजारांहून जास्त क्षमतेच्या स्टेडियममध्ये चेहरा ओळखणं सक्तीचं केलं. 2025 पासून तिथे मोठ्या मैदानात जायचं तर चेहरा द्यावाच लागतो. तुर्कस्तानात 2014 मध्ये पासोलिग नावाचं कार्ड आलं, बँकेशी जोडलेलं. त्याशिवाय तिकीट नाही. प्रेक्षकांनी बहिष्कार टाकला, स्टँड ओस पडले. त्याच वर्षी बुडापेस्टला फेरेन्त्सवारोस क्लबाच्या नव्या मैदानावर तळहाताच्या शिरा वाचणारी यंत्रं बसवली, तर त्यांचे सगळ्यांत कडवे पाठीराखेच बाहेर राहिले. नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये शुकशुकाट.

आणि परवानगी म्हणजे नेमकं काय, तेही बघा. ला लीगा या स्पॅनिश फुटबॉल लीगच्या ॲपवर 2019 मध्ये स्पेनच्या डेटा संरक्षण संस्थेने अडीच लाख युरोंचा दंड लावला होता. ते ॲप फोनचा माइक आणि लोकेशन वापरून आसपासच्या बारमध्ये सामना चोरून दाखवला जातोय का ते शोधायचं. लोकांनी ॲप घेतलं होतं स्कोअर बघायला. लीगचं म्हणणं, परवानगी विचारली होती. परवानगीच्या चौकटीवर आपण कसे बोट ठेवतो, ते प्रत्येकाने आठवून बघावं.

चौथी_स्लिप

डावीकडून_तिसरा, ला लीगाचं माहीत नव्हतं. माझ्या ॲपची माइकची परवानगी आत्ता बघितली. चालू होती. बंद केली. चेहऱ्याबद्दलचं मत अजून तेच आहे, पण वेगळी रांग कायम राहिलीच पाहिजे हे पटलं.

समीकरण

धागाकर्ते, ठरवायच्या आधी क्लबला तीन प्रश्न लेखी विचारा. चेहऱ्याची ती आकड्यांची ओळख किती दिवस ठेवता? ती फक्त माझ्या पासशी ताडता की इतर कुठल्या याद्यांशीही? पास सोडला तर पुसल्याचा पुरावा देता का?

आणि आणखी एक करा. बाबांबद्दल आजवर काय काय साठवलंय त्याची प्रत मागा. युरोपात तो हक्कच आहे, 2018 पासून सहसा एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. इतर अनेक देशांतही आता तसे कायदे आहेत. जर्सीच्या जाहिरातींचं उत्तर त्यातच सापडेल.

नेटवर्कवाला

हे कराच. मागणारे फार थोडे असतात.

पॅव्हेलियन_एण्ड (धागाकर्ता)

महिन्याभराने धागा वर काढतोय, क्षमस्व. समीकरण यांनी सांगितलं तसं केलं. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं.

तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर 'आवश्यक असेपर्यंत', दुसऱ्याचं 'सध्या फक्त पासशी', तिसऱ्याचं आलंच नाही. 'सध्या' हा शब्द वाचल्यावर माझं ठरलं.

बाबांच्या माहितीचा तक्ता मात्र पूर्ण आला. अकरा वर्षांची प्रत्येक नोंद: तारीख, गेट, मिनिटासकट वेळ, दुकानातली खरेदी. बाबांनी कपाटातून वह्या काढल्या आणि रविवारी दुपारभर आम्ही दोघं ताडत बसलो. ते वहीतलं वाचायचे, मी तक्त्यातलं. एकेक ओळ जुळली की ते पेन्सिलने बारीक टिंब द्यायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातल्या एका सामन्याशी अडलो. तक्त्यात बाबा 2 वाजून 41 मिनिटांनी गेट 7 मधून आत गेलेत. वहीत लिहिलंय: 'गेलो नाही. ताप. कार्ड शेजारच्या पोराला दिलं. त्याचा पहिला सामना. 0-0.' पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा, माझ्याबरोबर आला होता. तक्त्यात पुढची ओळ मध्यंतरातली: मुलांच्या मापाची एक लोकरी टोपी, सवलतीसाठी बाबांचं कार्ड. मी तेव्हा रांगेत पाणी आणायला गेलो होतो, मलाही हे माहीत नव्हतं. त्या एका टोपीवरून क्लबच्या लेखी बाबांच्या घरी लहान मूल आलं आणि तीन वर्षं जर्सीच्या जाहिराती सुरू राहिल्या.

नोंद चुकीची आहे, दुरुस्त करून घेऊ का, असं मी विचारलं. बाबा काही वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. ते पोरगं आता दुसऱ्या गावी राहतं. मग त्यांनी वहीत 0-0 च्या पुढे लिहिलं, 'टोपी घेतली.'

चेहरा दिला नाही. बाबांसाठी प्लॅस्टिकचं कार्ड पुन्हा मागून घेतलं. मागितलं तर देतात, ईमेलमध्ये सांगत मात्र नाहीत. जाहिराती बंद करून घेतल्या. सगळ्यांचे मनापासून आभार, चौथी_स्लिप यांचेही. गेटवर ओशाळं वाटू नये हा त्यांचा मुद्दा होता म्हणूनच कार्डासाठी एवढी खटपट केली.

चौथी_स्लिप

कार्डाचं ऐकून बरं वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

झुळूक

कार्डासाठी कुठे लिहिलंत? माझ्या सासूबाईंसाठी हवंय.

पॅव्हेलियन_एण्ड (धागाकर्ता)

तिकीट विभागाकडे नाही, तिथून नकारच आला होता. ज्येष्ठ आणि अपंग प्रेक्षकांसाठीचा मदत कक्ष असतो, तिकडे लिहा. मजकूर व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवतो.